आईच्या वतीने मी बोलायचे

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि वर्षभरातच घरातलं इंग्रजी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. बाबांना इंग्रजी येत होतंच, पण ते सकाळी सातला गाडी काढून हायवेला लागायचे आणि संध्याकाळी गॅरेजचं दार घरघरत वर जायचं तेव्हाच परत दिसायचे. मधल्या वेळात प्लंबर आला, शाळेतून फोन आला, विमा कंपनीचं न समजणारं पत्र आलं, की ते माझ्याकडे. आई अकोल्याच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायची. तिला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं होतं. पण समोरचा माणूस टेक्सासच्या पद्धतीने शब्द चघळत बोलायला लागला की ती थबकायची. मनात वाक्य जुळवायची, काळ तपासायची, आणि तिचं वाक्य तयार होईपर्यंत समोरून पुढचा प्रश्न आलेला असायचा. मग ती माझ्याकडे बघायची. तिचं ते बघणं मला अर्धं आवडायचं आणि अर्ध्याचा कंटाळा यायचा. आवडायचं यासाठी की मी नसले तर हिचं अडतं हे मला कळलं होतं. त्या वयात असं काही कळणं फार बरं नसतं.

घर मोठं होतं, आमच्या अकोल्याच्या तीन घरांएवढं, आणि त्यात दिवसभर एसीचा एकसुरी आवाज असायचा. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो मध्येच बंद झाला की आम्ही दोघी दचकून वर बघायचो. बाहेर झाडांवर किडे करवतीसारखे ओरडत. शेजाऱ्यांच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे आपोआप सुरू होऊन आपोआप थांबत. आईला तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवायची तिला भीती वाटायची, त्यामुळे ती घरातच. डिशवॉशर तिने कधी चालवलाच नाही, त्यात ती घासलेली भांडी निथळायला लावायची. कुकरची शिट्टी झाली की सुरुवातीला धुराचा अलार्मही वाजायचा, मग तिने त्याच्याखाली उभं राहून वर्तमानपत्राने वारा घालायची युक्ती शोधली. गोळाभात, पाटवडी, तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, वरून कच्चं तेल. शाळेतून आले की दारातच त्या ठेच्याचा खाट नाकात जायचा आणि मी शिंकतच बूट काढायचे.

तिचा मधुमेह सापडला तो एका साध्या वार्षिक तपासणीत. तिचे वडील म्हातारपणी गोळ्या घ्यायचे, त्यामुळे कोणालाच फार धक्का बसला नाही. डॉक्टर वयस्कर होते, सौम्य होते आणि कायम घाईत असायचे. त्यांनी गोळी लिहून दिली, बोट टोचून साखर तपासायचं यंत्र दिलं आणि एक माहितीपत्रक दिलं. ते मी घरी आल्यावर टेबलाशी बसून आईला मराठीत वाचून दाखवलं. त्यात पास्ता किती खावा, बेगल किती खावा असं सगळं होतं. आई म्हणाली, "भाकरीचं काय लिहिलंय ते बघ." भाकरीचं काहीच नव्हतं.

मग तिने स्वतःच सुरुवात केली. दोनशे पानांची वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या. वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, खाण्याआधीची साखर, नंतरची साखर, चाललेली मिनिटं. अक्षर फळ्यावरच्यासारखं, प्रत्येक आकडा सुटा. भात सोडला. चहातली साखर तर पहिल्याच दिवशी बंद. संध्याकाळी ऊन उतरलं की ती पंजाबी ड्रेसवर बूट घालून आमच्या गल्लीच्या फेऱ्या मारायची, आणि शेजारचे गोरे आजोबा तिला हात करायचे. पहिले पाच-सहा महिने आकडे खाली आले. ती मला वही दाखवायची, जशी एखादी मुलगी प्रगतिपुस्तक दाखवते. मी "गुड" म्हणायचे आणि टीव्हीकडे बघायचे.

त्यानंतर आकडे चढायला लागले. तेच जेवण, त्याच फेऱ्या, त्याच गोळ्या, आणि दीडशेचे दोनशे, दोनशेचे अडीचशे. आई पाणी खूप प्यायला लागली. मोठा स्टीलचा तांब्या सिंकजवळ ठेवलेला असायचा आणि ती येता-जाता उभ्यानेच प्यायची. पण उन्हाळा होता, बाहेर पाऊल ठेवलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं, सगळंच गाव पाणी पीत होतं. त्यात काही वेगळं आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ती बारीकही व्हायला लागली. ब्लाउजांना आतून शिलाई मारली, मग दुसरी मारली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला सगळ्या बायकांनी तिच्याभोवती घोळका केला. "काय मस्त बारीक झालीस गं वृंदा! काय करतेस, सांग तरी!" आई हसली. घरी येऊन साडी सोडता सोडता तिला पलंगाच्या कडेवर बसावं लागलं. "पायात जीवच नाही राहून राहिला," ती म्हणाली. मी सांगितलं, दिवसभर उभी होतीस म्हणून असेल.

आता विचार केला की वाटतं, सगळं आमच्या समोर मांडून ठेवलेलं होतं. तहान, वजन, थकवा, चढते आकडे. चाळिशीच्या आतली, सडपातळ बाई, काटेकोर पथ्य पाळणारी, आणि तरी साखर आटोक्यात नाही. कोणीतरी थांबून म्हणायला हवं होतं की आपण काहीतरी चुकीचं समजतोय. पण मधुमेह म्हटलं की खाणं, आणि खाणं म्हटलं की मनाचा ताबा, अशी एक सरळ वाट सगळ्यांच्या डोक्यात तयार होती आणि आम्ही सगळे त्याच वाटेने चाललो होतो.

बाबांनी तर ते त्यांच्या भाषेत मांडलं. एका रविवारी वही समोर घेऊन ते बसले आणि म्हणाले, "हे बघ वृंदा, आउटपुट इतकं येतंय, म्हणजे इनपुट कुठूनतरी जातंय. लिहायचं राहत असेल. मी तुला दोष देत नाहीये."

"लिहायचं राहत नाही," आई म्हणाली.

"येता-जाता तोंडात टाकलेलं आपल्या लक्षात राहत नाही गं."

"माझ्या राहतं."

पलीकडच्या गल्लीतल्या लतिका काकू पुण्याच्या. मनाने प्रेमळ, आणि प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे उपाय असायचा. त्या मेथ्या भिजवलेलं पाणी घेऊन आल्या, कारल्याचा रस घेऊन आल्या. आई दोन्ही प्यायची, वहीत लिहायची. एकदा काकू तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, मन मारायला शिकावं लागतं. मला माहितीये, एकटीने घरात बसलं की हात डब्याकडे जातो." आईने हात सोडवून घेतला आणि चहा टाकायला उठली. काकूंना त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. मग पहिलीचा डोस दुप्पट केला. तिसऱ्या-चौथ्या भेटीला त्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारा रिपोर्ट उघडला आणि मान हलवली. त्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. खोलीत नेहमीसारखी बसायची व्यवस्था होती, डॉक्टर फिरत्या स्टुलावर, आई कागद अंथरलेल्या उंच पलंगावर पाय लोंबकळत, आणि मध्ये खुर्चीवर मी. डॉक्टरांनी मला विचारलं, ती पथ्य पाळते का?

मी आईला विचारलं. आई घडाघडा बोलायला लागली. "त्यांना सांग, भात सोडून वर्ष झालं. एक भाकरी, वाटीभर भाजी, वरण पातळ. त्यांना सांग, एका भाकरीनंतर तीनशे दहा येतात, पूर्वी त्याच भाकरीला एकशे साठ यायचे. भाकरी तीच आहे, मी पीठ मोजून घेते. मग बदललं काय? हे विचार त्यांना. आणि ही वही दाखव." तिने पिशवीतून वही काढून माझ्याकडे धरली.

मला पुढच्या तासाला बँडची प्रॅक्टिस होती. मी डॉक्टरांना सांगितलं, "शी सेज येस."

एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर ऐकून डॉक्टर जरा हसले. मग स्टूल माझ्याकडे वळवून म्हणाले, "आणि तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, असं तोपर्यंत कुठल्या मोठ्या माणसाने मला विचारलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ झाले आणि मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाले की आमच्या पार्ट्यांमध्ये गोड पदार्थ खूप असतात. म्हटलं तर ते खरं होतं. पार्ट्यांमध्ये गोड असायचंच. पण ते आईने खाल्लेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि डॉक्टर त्यातून काय समजणार हेही मला पुरेपूर माहीत होतं. त्यांनी समजून मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. वाक्य सोपं होतं. आईला ते कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली, पिशवीत ठेवली, आणि पिशवीची चेन हळूच शेवटपर्यंत ओढली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठवडा राहिला होता तेव्हाची ही गोष्ट. दुपारी घरी आले तर ठेच्याचा वास नव्हता, कुकर चढलेला नव्हता. आई दिवाणखान्यात गालिच्यावर उशी घेऊन आडवी पडली होती. सकाळपासून मळमळतंय म्हणाली, दोनदा उलटी झाली होती. मी तिच्या कपाळाला हात लावायला वाकले आणि मला तो वास आला. तिच्या श्वासाला गोडसर, जास्त पिकून गेलेल्या फळाचा वास होता.

"आई, तू आंबा खाल्लास?"

"काय?"

"तोंडाला वास येतोय. तू आमरस खाल्लायस. म्हणूनच उलट्या होतायत तुला."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी उठले, कोठीची खोली उघडली आणि आंब्याच्या रसाचे डबे काढून बघितले. पाच आणले होते, पाचही होते, एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि वरचं सालपटं-कागद बाजूला करून आत बघायला लागले. आज लिहिताना हात थांबतो माझा, पण मी ते केलं. मागून आईचा आवाज आला, अगदी बारीक, पण वर्गातला.

"शोध. सापडलं तर मलाही दाखव."

मी झाकण आपटलं आणि माझ्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी तिने जेवण केलं नाही. बाबांना वाटलं पोट बिघडलंय, त्यांनी ताक करून दिलं, तेही तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरून आत आले तर ती सोफ्यावर बसलेली होती, मान मागे टाकून. ती श्वास घेत होती तो एखादी व्यक्ती जिने चढून आल्यावर घेते तसा, खोल, भराभरा, न थांबता. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण नजर माझ्यावर ठरेना. "फळा पुस," असं काहीतरी म्हणाली. ती अकोल्याला होती. आणि वास आदल्या दिवसापेक्षा जास्त, सगळ्या खोलीत.

बाबांचा फोन वाजत राहिला, ते मीटिंगमध्ये होते. मग मी तातडीच्या मदतीचा नंबर, नऊ-एक-एक लावला. पलीकडच्या बाईने पत्ता घेतला आणि एकामागून एक, अजिबात घाई न करता प्रश्न विचारले. शुद्धीवर आहे का, छातीत दुखतंय का, कुठला आजार आहे का. मी डायबिटीस म्हटलं तशी ती म्हणाली, श्वासाला काही वेगळा वास येतोय का?

"फळासारखा," मी म्हणाले. म्हणताना माझा आवाज फुटला, कारण ज्या अर्थी ती विचारत होती त्या अर्थी हा वास आजाराचा होता.

ॲम्ब्युलन्समध्ये एक जाडजूड, लाल दाढीचा माणूस आईच्या हातात सुई लावत होता. मी त्याला विचारलं, की तो वास कसला? त्याने काम न थांबवता, हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. शरीरात इन्सुलिन संपलं की रक्तात साखर कितीही असली तरी ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि रक्तात साठतं. त्याचा हा वास. "तिने काही खाल्लं असेल म्हणून?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही गं पोरी. खाण्याचा याच्याशी संबंध नाही. तू फोन केलास हे बरं केलंस."

कालच करायला हवा होता. मी ते बोलले नाही, पण तेव्हापासून आजपर्यंत कोणी मला मधुमेहाबद्दल काही विचारलं तर मी आधी हे सांगते. उलट्या, खोल श्वास, गुंगी आणि तो गोडसर वास असेल तर घरात तपास करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आई दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. शिरेतून इन्सुलिन, सलाईन, तासातासाला रक्ताची तपासणी. तिसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर परत रंग आला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की रक्ताच्या एका वेगळ्या तपासणीवरून कळतंय, हा तुम्ही समजत होता तो मधुमेह नाही. लहान मुलांना होतो तो प्रकार, ज्यात शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं. तो कधीकधी मोठ्या वयात, हळूहळू होतो. सुरुवातीला गोळ्यांनी बरं वाटतं आणि मग काही केल्या साखर हटत नाही. हिला सुरुवातीपासून नाही तरी निदान वर्षभर इन्सुलिनची गरज होती.

"म्हणजे तिच्या खाण्यामुळे..." बाबा म्हणाले.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिने कितीही पथ्य केलं असतं तरी हेच झालं असतं."

बाबा मान हलवून बाहेर गेले. मी दहा मिनिटांनी बघायला गेले तर ते कॉरिडॉरमध्ये चिप्स-चॉकलेटच्या यंत्रासमोर उभे होते. काही घेत नव्हते. काचेवर कपाळ टेकून नुसते उभे होते.

त्याच दुपारी मारिसोल आली. ती मधुमेहाच्या रुग्णांना शिकवणारी नर्स, पन्नाशीची, ठेंगणी, केसांत पेन्सिल खोचलेली. तिच्या हातात एक निळा फोन होता, त्याला दोन रिसिव्हर. मी सवयीने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, मी सांगते तिला. मारिसोलने माझ्याकडे पाहिलं.

"तू किती वर्षांची?"

"पंधरा."

"मग हे तुझं काम नाही," ती म्हणाली. रागावून नाही. बोलता बोलता तिने एक रिसिव्हर आईच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला. "इथे बसायचं असेल तर बस. पण बोलायचं नाही."

पलीकडे कुठल्या तरी गावात बसलेली दुभाषी बाई होती. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही, नावही कळलं नाही, पण फोनमधून आवाज बाहेर ऐकू येत होता. साताऱ्याकडचा असावा. "नमस्कार ताई. तुम्ही बोलाल ते सगळं मी जसंच्या तसं नर्सबाईंना सांगणार. एक शब्द सोडणार नाही. तुम्ही सावकाश बोला."

सगळं जसंच्या तसं, हे ऐकून आईने एकदा डोळे मिटून घेतले. आणि मग ती बोलायला लागली. मी तिला इतकं सलग बोलताना अमेरिकेत कधीच ऐकलं नव्हतं. तहान कधी सुरू झाली, रात्रीतून किती वेळा उठावं लागायचं, पायाची बोटं कशी मुंग्या आल्यासारखी व्हायची, ब्लाउजांना किती वेळा शिलाई घातली. भाकरीचं पीठ किती, वरणाची वाटी केवढी. महिन्यामहिन्याची सरासरी तिला तोंडपाठ होती. मध्येच ती थांबायची, दुभाषी बाई इंग्रजीत सांगायची, मारिसोल लिहायची, पुन्हा आई बोलायची. बाबांनी घरून वही आणली होती. मारिसोल ती उलटत गेली. मराठी तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. एका पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे सगळ्यांनी बघायला हवं होतं. इथेच दिसतंय."

मग तिने विचारलं, शेवटच्या आठवड्यात काय खाल्लंत?

आईने रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. "शेवटचे चार दिवस फारसं काही नाही खाल्लं," ती म्हणाली. "भीती वाटायची. काही खाल्लं की आकडा वाढतो. आकडा वाढला की घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. माझ्या घरात माझ्यावर कोणाचाच विश्वास नाही."

मग तेच वाक्य इंग्रजीत आलं, एक शब्द न सोडता. मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा मला वाटलं की आई रागाने बोलतेय. दुसऱ्यांदा, परक्या बाईच्या सपाट आवाजात ऐकलं, तेव्हा कळलं की ती फक्त माहिती देतेय. साखर अमुक, पाणी अमुक, आणि विश्वास नाही.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे आम्ही सगळेच जपून चालत होतो. मारिसोलने जे शिकवलं ते आईने असं उचललं की ती दुसऱ्याच भेटीत म्हणाली, तुम्ही हे आधी कुठे शिकला होतात का? इतक्या ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन, इतकी साखर जास्त असली तर अजून एक, चालून आलं तर कमी. म्हणजे त्रैराशिक. आईने काटा मागवला. भाकरी भाजून मोजली, थालीपीठ मोजलं, वाटीभर वरण, मूठभर पोहे, सगळ्याची कोष्टकं तयार केली. भात परत आला. पहिल्या दिवशी तिने मापाने अर्धी वाटी वाढून घेतला, त्यावर तूप, आणि खाताना डोळे भरून आले ते तिने ठेच्यावर ढकललं. सगळं सुरळीत होतं असं नाही. एकदा इन्सुलिन घेतलं आणि फोनच्या नादात जेवायला उशीर झाला, तर हात थरथरायला लागले, घाम फुटला, ओट्याला धरून उभी राहिली. साखर झपकन खाली गेल्याची ही खूण आम्हाला शिकवलेली होती. मी सफरचंदाच्या ज्यूसचा अर्धा पेला दिला, पंधरा मिनिटं दोघी जमिनीवर बसून राहिलो, मग परत बोट टोचलं. आकडा वर आला. "बरोबर आलं उत्तर," ती म्हणाली.

वजन परत आलं. ब्लाउजांची शिलाई उसवताना मी तिच्याजवळ बसले होते. बरेच दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते मी तेव्हा बोलले. "आई, मी त्या दिवशी कचऱ्याचा डबा..."

"हो. उघडलास," ती म्हणाली. दोऱ्याचं टोक ओढून काढलं. मग म्हणाली, "मी शाळेत नवीन होते तेव्हा सहावीतल्या एका पोरीला कॉपी केली म्हणून पूर्ण तास बाहेर उभं केलं होतं. उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या नव्हत्या लिहिलेल्या. मला वाटलं, ढापलंय. तिने तोंडी केलं होतं सगळं. मला कळलं तेव्हा परीक्षा होऊन गेली होती आणि तिच्या वडिलांची बदली झाली होती."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? ती गेली होती. त्यानंतर मी आधी विचारायला लागले." तिने ब्लाउज उलटा करून उजेडात धरला. "तू तर घरातच आहेस."

आई आता सत्तरीकडे झुकलीय. दंडावर रुपयाएवढा सेन्सर असतो, बोटं टोचायचा त्रास संपला, आकडा तिला आणि मला, दोघींना फोनवर दिसतो. तिने परवानगी दिल्याशिवाय मी तो बघत नाही. डाव्या पायाच्या दोन बोटांना स्पर्श नीट कळत नाही, म्हणून घरातही चप्पल घालते. डोळे चांगले आहेत. आईचं तेव्हा जे वय होतं ते मी कधीच मागे टाकलं, आणि मला अजून कळत नाही की एवढ्या लांबच्या देशात, एका न बोलणाऱ्या घरात, ती रोज संध्याकाळी वही उघडून खरे आकडे कशी लिहीत राहिली. खोटे लिहिले असते तर सगळे खूश झाले असते.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत मारिसोलच्या क्लिनिकमध्ये तिची पहिली तिमाही तपासणी होती. शनिवार होता, बाबांनी आम्हाला दारात सोडलं आणि गाडी लावायला गेले. आतून आईचं नाव पुकारलं गेलं, चुकीच्या उच्चारात. मी सवयीने उभी राहिले. आई माझ्याआधी उठली होती. पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "तू बस इथे."

"पण आई, तुला..."

"लागला तर फोन आहे तिथे. बस."

दार मिटलं. मी भिंतीवरच्या माशांच्या टाकीसमोर बसले. आत काय विचारतायत, ती काय सांगतेय, मला काहीच माहीत नव्हतं, आणि आईबद्दल असं काही माहीत नसण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. बाबा आले, माझ्या शेजारी बसले, दाराकडे बघून म्हणाले, "एकटीच गेली?" मी हो म्हटलं. आम्ही दोघं मासे बघत राहिलो. मध्येच आतून हसण्याचा आवाज आला. मारिसोलचा, आणि मग आईचाही.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. हातात रिपोर्टाचा कागद, गाल थोडे लाल. इंग्रजीत कुणाला तरी "सी यू इन थ्री मंथ्स" म्हणाली, काळ न तपासता. मी धावतच तिच्याकडे गेले.

"काय म्हणाली ती? काय सांगितलंस तू? हसत का होतात?"

आईने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

"ते माझं आणि तिचं होतं," ती म्हणाली. "चला, मला भूक लागलीये."